उजवीकडचा दांडा

हेर नोवाक, म्हणजे जर्मन रीतीने नोवाकसाहेब, सुपरमार्केटात शिरले की भांड्यांच्या फळीपाशी हमखास थांबत. आडवीतिडवी ठेवलेली पातेली सरळ करून एकेकाचा दांडा उजवीकडे वळवत. पुण्याहून एकटाच जर्मनीत र्युसेल्सहाइमला आलो, त्या आठवड्यात मी त्यांना प्रथम पाहिलं ते असंच. दुकानातले नोकर समजून मी चहाचं गाळणं कुठे मिळेल ते विचारलं.

"मला काय माहीत? मी गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले, आणि गाळणं शोधूनही दिलं. पुढे कळलं, माझ्या समोरच्याच दारात राहतात.

"बाईचा हात आधी जातो, नजर मागून," ते सांगत. "दांडा मुठीत आला की अर्धं पातेलं विकलं गेलं." स्वतः मात्र डावखुरे. घरात त्यांच्या सगळ्या पातेल्यांचे दांडे डावीकडे असत.

ते मूळचे स्लोव्हेनियाचे. युगोस्लाव्हिया एक होता तेव्हा तिथल्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखान्याचे फिरते विक्रेते. दर वसंतात गाडीत नमुने भरून दक्षिणेला, पार सर्बियातल्या निशपर्यंत जायचे. निशला ड्रागान नावाच्या दुकानदाराकडे मुक्काम. दांड्याची युक्ती त्यालाही यांनीच शिकवलेली. मग स्लोव्हेनिया वेगळा झाला. मध्ये सरहद्दी आल्या, चलन बदललं, फोन लागेनात. दक्षिणेच्या ऑर्डरी थांबल्या. कारखान्याने आधी एक भट्टी विझवली, मग विक्रेते कमी केले. हेर नोवाक जर्मनीत येऊन एका गोदामात खोकी उचलू लागले.

"वेगळं होणं चुकलं, असं वाटतं?" मी एकदा विचारलं.

"नाही, हेर इंजिनिअर. मत मीही दिलं होतं, उद्या पुन्हा देईन. पण मतपत्रिकेवर ड्रागानबद्दल काही विचारलं नव्हतं."

स्लोव्हेनिया युरोपीय संघात गेला तेव्हा ते नुसते हसले. "एका संघातून निघालो, दुसऱ्यात शिरलो. मधल्यामध्ये माझी गिऱ्हाइकं म्हातारी झाली." त्याच उन्हाळ्यात, ड्रागानला एकदा भेटायचंच, म्हणून ते निशला गेले. परतले ते एक लाल पातेलं घेऊन.

"भेटला?"

"हो, भेटला. दुकान तेच. माल सगळा तुर्कस्तानचा. पण दांडे उजवीकडे." पातेलं टेबलावर ठेवत म्हणाले, "डोळे अधू झालेत त्याचे. मला ओळखलं नाही. मी हे पातेलं मागितलं, तेही जर्मनमध्ये."

"अहो, नाव तरी सांगायचं!"

"सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, पुढचा माल कधी पाठवतोस? मग काय सांगू?"

पुढच्या हिवाळ्यात हेर नोवाक गेले. अंत्यविधीला घरमालकीणबाई, गोदामातले दोघे आणि मी. घर आवरायला बाईंनी मला मदतीला बोलावलं. स्वयंपाकघरात पातेली ओळीने होती, दांडे डावीकडे. टोकाचं लाल पातेलं चुलीवर कधी चढलेलं दिसत नव्हतं. तेवढ्याचाच दांडा उजवीकडे होता. बाईंनी ते सवयीने इतरांसारखं वळवायला हात पुढे केला.

"राहू द्या," मी म्हणालो. "ते ड्रागानसाठी आहे."

"कोण ड्रागान? त्याला कळवलंय का?"

मी ते पातेलं कागदात गुंडाळायला घेतलं.

ते पातेलं आता माझ्याकडे आहे. मी उजव्या हाताचा. तरी चहा दुसऱ्या भांड्यात करतो.