झालरीची शेपटी आणि लांजेवार सर

नागपुरात दोस्तांमध्ये बसलो आणि कोणी नुसतं ‘मोहाडी’ म्हटलं ना, की संपलं! एक किस्सा सांगायला जातो, त्याच्या मागे चार उभे असतात. तिथल्या ज्युनियर कॉलेजात मी दोनच वर्षं झूलॉजी शिकवलं, पण यार, अजून तिथून निघालोच नाही असं वाटतं.

आमचे सीनियर लांजेवार सर. पस्तिशीचे, बिनलग्नाचे. रोज मधल्या सुट्टीत हातात काचेची बाटली घेऊन लायब्ररीत जायचे. का? तर कसर पकडायला. कसर म्हणजे जुन्या पुस्तकाचं पान उलटलं की चांदीसारखी चमकून सुळकन पळते, तीच. आणि लायब्ररीत बसायच्या हटवार मॅडम.

मी नवा, उत्साही! स्टाफरूमचं कपाट झटकून बाटलीभर कसरी पकडल्या आणि सरांच्या टेबलावर ठेवल्या. “घ्या सर! आता लायब्ररीत जायची गरजच नाही!”

सरांनी बाटली परत माझ्याकडे सरकवली. “कोणं सांगतलं होतं तुले?”

*

मग वर्गातला किस्सा. सर शिकवत होते, “थायसॅन्युरा. ग्रीक नाव आहे. थायसॅनोस म्हणजे झालर, उरा म्हणजे शेपूट. झालरीच्या शेपटीचा किडा!”

मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. “सर, मांडवाले लावते तशी झालर?”

“तशीच.”

“मंग एवढी सजूनधजून जाते कुठं जी ते?”

“लायब्ररीत,” सर बोलून गेले. आणि कानापर्यंत लाल! अख्खा वर्ग बाकं बडवत होता.

*

एकदा पोरांना घेऊन आंबागडच्या किल्ल्यावर गेलो. मुली होत्या म्हणून मॅडमही सोबत. सरांना दगडाखाली कसरीचा रानातला भाऊबंद सापडला. शेपटीला तीन लांब केस आणि उडी मारण्यात उस्ताद! सरांनी हाक मारली, “मॅडम, या या, पाहा!” मॅडम वाकल्या. दोघांची डोकी जवळजवळ टेकली. मी पोरांना हळूच मागे ओढलं. म्हटलं, आता बोलतात!

“मॅडम, मले...” सर म्हणाले, आणि त्या किड्याने टुणकन उडी मारली. सर त्याच्या मागे झुडपात!

मॅडम पदर सावरत उभ्या राहिल्या. “अजी सर, ते गेलं. मी इथंच आहो.”

*

शेवटी चहा पिताना मी सरळ विचारलं, “सर, बोलून काहून टाकत नाही?”

सर बशीत पाहत म्हणाले, “कसरीचा नर असते ना, तो मादीसमोर येते. मिशीले मिशी लावते. मंग मागं सरकते.”

“मंग?”

“पुन्हा येते. पुन्हा सरकते.”

“आणि मादी?”

“थांबते.”

“कुठवर सर?”

“पुस्तकात तेवढं देल्लं नाही.”

*

मग मॅडमला चंद्रपूरला नोकरी लागली. निरोप समारंभ, पेढा, चिवडा, हार. मी सरांना कोपराने ढकललं. “आज नाही तर कधीच नाही!”

सर उभे राहिले. घसा खाकरला. “कसर,” सर म्हणाले. आम्ही कपाळावर हात मारला!

“कसर उजेडात येत नाही. भित्री असते. उपाशी ठेवा, महिनोन्‌महिने राहते. शेपटी तुटली तर कात टाकता टाकता पुन्हा येते. पण जिथं राहते ना, ते घर सोडून तिले दुसरीकडं करमत असंन, असं मले वाटत नाही...”

प्रिन्सिपॉल साहेब वैतागले. “लांजेवार, किड्याचं राहू द्या न! मॅडमबद्दल दोन शब्द बोला!”

“साहेब,” सर म्हणाले, “मॅडमसंगंच बोलून राहिलो मी.”

मॅडमनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

“बोलू द्या न त्याइले, साहेब. माही बस संध्याकाळची आहे.”