खंडेनवमीचं धनुष्य

माणसाने माणसावर जळावं, हे एक वेळ समजू शकतं. मी एका लाकडाच्या दांडक्यावर जळत होतो.

ते दांडकं इथे आखातात, अबू हमूरच्या आमच्या कंपाउंडमध्ये, शेजारच्या व्हिलाच्या पोर्चमध्ये, बाकाला अडकवलेलं असे. शेजारी अमेरिकन, माझ्याच स्टेडियमच्या कामावर. पण त्यांना शुक्रवारची सुट्टी मिळायची. वर्ल्ड कप जवळ येत चालला होता आणि छताचं काम माझ्या गळ्यात असल्यामुळे माझा शुक्रवार केव्हाच खलास झाला होता. ते मात्र दोन हातांनी ओढायच्या चाकूने निवांत लाकूड तासत बसत. थोडं तासायचं, वाकवायचं, दोन्ही टोकं सारखी वाकतायत का ते बघायचं, पुन्हा तासायचं. हे महिनोन्महिने चाललेलं. आणि समोर उलट्या बादलीवर बसून माझी मुलगी ते बघतेय.

मुलगी तेव्हा सातवीत होती. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमच्या घरचा शिरस्ता. हल्ली तेही उत्तर एका शब्दावर आलं होतं. शेजाऱ्यांचा विषय निघाला की मात्र तोंडाचा पट्टा सुरू!

जेवताना रोज कायोटी. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा थोरला भाऊ. शेजाऱ्यांच्या भावाची कोकरं तो पळवून नेतो. बंदुकीने लांबून कुणीही मारेल. शेजारी मात्र डिसेंबरच्या सुट्टीत गावी जाऊन, स्वतः घडवलेल्या धनुष्याने त्याला टिपणार होते. त्यासाठी झुडपात बसायचं, जखमी सशासारखं ओरडायचं आणि तो अगदी गल्ली क्रिकेटच्या पिचएवढा जवळ येईपर्यंत श्वास रोखून धरायचा. वारा त्याच्याकडून आपल्याकडे यायला हवा, कारण त्याचं नाक भयंकर तिखट. साबणाचा वाससुद्धा त्याला पळवून लावतो. म्हणून धनुष्याला बिनवासाचं तेल, आणि शिकारीचे कपडे कित्येक दिवस उघड्यावर टांगलेले. हे सगळं मला इंग्रजीत ऐकावं लागे, वर सशाच्या ओरडण्याचं प्रात्यक्षिकही.

"दिवेलागणीला असले आवाज काढू नकोस गं," बायको म्हणायची.

"कोल्हा मारण्यात कसलं आलंय शौर्य?" मी एकदा न राहवून म्हणालो. "आम्ही तिकडे अख्खं छप्पर अधांतरी टांगतोय, त्याचं कुणाला काही नाही."

बायकोने हवा हुंगल्यासारखं केलं. "अहो, काहीतरी जळतंय. गॅस तर मी बंद केलाय."

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, ही म्हण तिने तोंडावर ऐकवली नाही, एवढीच तिची मेहेरबानी.

त्या वर्षी खंडेनवमीला मी मुद्दाम दुपारीच घरी आलो. मॅनेजरला काय थाप मारली ते सोडा. दार उघडलं तर घरभर ऊद आणि कापराचा वास. पाटावर बायकोची विळी, कात्री, मुलीची कंपासपेटी, आणि मधोमध, नवरदेवाच्या थाटात, ते धनुष्य! आज हत्यारं वापरायची नसतात, त्यांची पूजा करायची असते, असं सांगून मुलीने ते शेजाऱ्यांकडून मागून आणलं होतं. त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, झेंडूची माळ घातली होती, दोरीला अत्तर लावलं होतं. शिवाय इकडच्या बायका पाहुण्यांच्या कपड्यांना देतात तसा बायकोने त्याला बुखूरचा भरपूर सुगंधी धूर दिला होता.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाक! कायोटीचं नाक! आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

एवढ्यात शेजारी धनुष्य न्यायला आले. बूट बाहेर काढून पाटापुढे वाकले आणि वाकलेलेच राहिले. मुलीने आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग धुराकडे.

"द नोज," ती पुटपुटली. "ओह नो, द नोज!" आणि ढसाढसा रडायला लागली.

ते तिच्याशेजारी फरशीवर बसले. म्हणाले, तेल प्यायलेलं लाकूड आहे, आता हा वास काही सोडायचं नाही. मी भावाचं जुनं धनुष्य वापरीन. याची पूजा इथे झाली, तर हे इथेच राहू दे, तुझ्याकडे. मग बायकोने दिलेलं श्रीखंड खाऊन ते रिकाम्या हाताने परत गेले.

म्हणजे जे कधी एकदाचं विमानात बसतंय याची मी वाट बघत होतो, ते आता माझ्याच हॉलमध्ये कायमचं मुक्कामाला आलं! माझं डोकंच फिरलं. पाटावर धनुष्याला लागून झेंडूच्या पाकळ्यांचं एक गोल कडं केलेलं होतं, आत काहीच नव्हतं.

"आणि ही जागा कुणाची?" मी विचारलं. "त्यांच्या चाकूची का?"

मुलीने बाहीने डोळे पुसले.

"तुझ्या हेल्मेटची," ती म्हणाली. चक्क मराठीत. "दर वर्षी ठेवते मी. तू येतच नाहीस, बाबा."

साइटवरचं ते हेल्मेट बाहेर गाडीत, मागच्या सीटवर पडलं होतं. ते आणायला मी चपला न घालताच पळालो, आणि पोर्चमधली फरशी चांगलीच तापली होती.