मनिलाच्या कॅथेड्रलने बालीला कसं हरवलं

गेल्या शनिवारी सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये, आमच्या ब्लॉकखालच्या हॉलमध्ये, मनिलाने बालीला हरवलं! सामना फुटबॉलचा नव्हता... आमच्या सीनियर्स क्लबच्या सहलीचा होता.

दरवर्षी क्लबची एक परदेशी ट्रिप निघते. ज्याला जागा सुचवायची असेल त्याने दहा मिनिटं बोलायचं आणि मग हात वर करून मतदान. यंदा मी मनिला सुचवलं... तिथलं स्पॅनिश राजवटीपासूनचं कॅथेड्रल पाहायचं म्हणून.

हे माझं जुनं दुखणं आहे. मी आयुष्यभर जहाजावर इंजिनियर होतो. मनिलाला आमचं जहाज नऊ वेळा लागलं आणि नऊही वेळा मी इंजिन रूममध्ये! बंदर आलं की डेकवाले फिरायला जायचे आणि आम्ही जनरेटर उघडून बसायचो. कॅथेड्रल बंदरापासून जवळ... पण मी त्याचा घुमटसुद्धा पाहिला नाही. फिलिपिनो सहकारी परत येऊन वर्णन करायचे आणि मी हाताचं तेल पुसत ऐकायचो.

"अहो, तुम्ही जग कुठे पाहिलंत? प्रत्येक बंदरात तीच इंजिन रूम पाहिलीत," असं माझी बायको सुमेधा चारचौघांत सांगते. आता गुडघे कुरकुरतात, एकट्याने जायची हिंमत नाही. त्यामुळे क्लबची ट्रिप हीच काय ती संधी होती. आणि बाईसाहेबांनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं की तिचं मत बालीला!

आधी बालीवाले उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाच्या मुलाने ड्रोनने काढलेला व्हिडिओ त्यांनी लावला. निळा समुद्र, भाताची खाचरं, मसाज... हॉलमध्ये नुसतं अहाहा.

मग मी उभा राहिलो. माझी पद्धत इंजिनियरची, म्हणून त्या इमारतीचा चक्क ब्रेकडाउन रिपोर्ट मांडला. स्पॅनिश लोकांनी बांधलेलं पहिलं चर्च बांबू आणि गवताचं, ते वादळात गेलं. पुन्हा बांधलं, आगीत गेलं. दगडाचं बांधलं तर भूकंपाने पाडलं... एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी महायुद्धात मनिलाच्या लढाईत होतं नव्हतं ते जमीनदोस्त झालं. पण त्या पठ्ठ्यांनी हार मानली नाही! आज उभं आहे ते आठव्या खेपेचं.

हे सांगताना मला भरून येत होतं. समोर दोघं जण पेंगत होते.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून प्रश्न आला, आत गेल्यावर काय दिसतं? खोटं बोलणं जिवावर आलं. म्हटलं, मी आत गेलेलोच नाही... नऊ वेळा बंदरातूनच परत फिरलोय. हॉल खो खो हसला. सुमेधा मात्र हसली नाही. संपलं सगळं, मी मनात म्हटलं.

तेव्हा मागून एक हात वर झाला... टेसीचा. आमच्या कोह अंकलना सांभाळणारी ही फिलिपिनो बाई. सात वर्षं ती त्यांची व्हीलचेअर घेऊन दर शनिवारी क्लबात येते, शेवटच्या खुर्चीवर बसते आणि चहाच्या वेळी कप भरायला उठते. ती मेंबर नाही, त्यामुळे तिला कधी कोणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

"सर, तुम्ही सांगितलंत ते सगळं तिथल्या दारावर आहे," ती म्हणाली.

तिची आई त्या कॅथेड्रलबाहेर मेणबत्त्या विकायची. आई गिऱ्हाइकांत गुंतली की छोटी टेसी दारापाशी रमायची. त्या भल्यामोठ्या ब्राँझच्या दारांवर कॅथेड्रलचाच इतिहास उठावात कोरलाय... तिने तो बोट फिरवून फिरवून पाठ केलेला. आग इथे, भूकंप इथे, असं ती हवेत बोटाने दाखवत गेली.

मग तिने आम्हाला आत नेलं... रंगीत काचांमधून फरशीवर उतरणारं ऊन, ऑर्गन सुरू झाला की तळपायांना जाणवणारी थरथर. पेंगणारे दोघं ताठ बसले होते. दहा मिनिटं कधीच उलटून गेली होती, पण वेळ संपल्याची बेल वाजवायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

शेवटी ती म्हणाली की आई अजून तिथेच राहते... चार वर्षांत भेट नाही, कारण अंकलना कोण बघणार? एवढं बोलून ती पटकन खाली बसली.

आणि एरवी तोंड न उघडणारे कोह अंकल व्हीलचेअरवरून कडाडले, "गो मनिला, लाह! लेट हर सी हर मदर! आय ऑल्सो गो!"

मतदान झालं. बालीला सहा हात... आणि मनिलाला बाकी सगळे! पहिला हात सुमेधाचा होता. मी आनंदाने टेबलावर अशी थाप मारली की लॅपटॉप उडाला.

मग नावांची यादी करायला बसलो. पासपोर्टवरचं पूर्ण नाव लागतं. टेसीचं पूर्ण नाव काय, मी हॉलभर विचारलं... कोह अंकल सोडले तर एकालाही माहीत नव्हतं. सात वर्षांत! मला माझीच लाज वाटली.

तिने ते सावकाश सांगितलं, टेरेसिटा... आणि पुढचं आडनावही. मी ते यादीत सगळ्यात वर लिहिलं, तिला दोनदा दाखवून खात्री केली.

दहाव्या खेपेला मी त्या दारासमोर उभा राहणार आहे, आणि ते मला वाचून दाखवणार आहे टेरेसिटा. माझं भाषण पडलं, याबद्दल मी देवाचा आभारी आहे...