फिटरच्या घरची चूल

गॅस एजन्सीत काम केलेल्या माणसाला किस्से शोधायला लागत नाहीत. पाहुण्याला लोक सोप्यात बसवतात, पण गॅस बसवणाऱ्याला थेट स्वयंपाकघरात नेतात. आणि एकदा स्वयंपाकघरात पाय ठेवला की त्या घरातलं काहीच लपून राहत नाही!

नव्वदच्या दशकात मी आष्ट्यात एका एजन्सीच्या काउंटरला होतो. कनेक्शनचा नंबर लागायला तेव्हा वर्षं जायची, त्यामुळं नंबर लागला की घरात कार्य असल्यासारखी गडबड. शेगडी बसवायला आमचे फिटर वसंतअण्णा आणि कागदावर सही घ्यायला मी, अशी दोघांची जोडी मोटरसायकलवरून निघायची.

मजा अशी, की निम्म्या तालुक्याला गॅस जोडून देणाऱ्या अण्णांच्या स्वतःच्या घरी मात्र चूल! धुरानं वहिनींचे डोळे कायम लाल असायचे. ते बघून अण्णांचा जीव तुटायचा. कनेक्शन मंजूर होतं, नवी शेगडी खोक्यात पडून होती. पण वहिनीच तयार नव्हत्या. दोष अण्णांचाच. रोज जेवायला बसलं की दिवसभरात कुठं काय झालं ते तिखटमीठ लावून सांगायचे. गळती, भडका, वास, सगळं!

वहिनी म्हणायच्या, "तुमच्याच तोंडून ऐकलंय समदं. ती टाकी माज्या घरात आणायची न्हाई!"

*

आष्ट्यातच एका घरी गेलो. सिलिंडर पाटावर, पाटाभोवती रांगोळी, गळ्यात झेंडूचा हार. अण्णा खूश झाले. पिशवीतनं पाना काढतायत तोवर घरातल्या आजीबाई ताम्हण घेऊन आल्या. त्यात पेटलेलं निरंजन! सिलिंडरला ओवाळायला!

अण्णा दोन्ही हात पसरून मध्ये उभे राहिले. "आज्जी, ववाळायचं तर मला ववाळा, पर बाहीर अंगणात!"

आजींनी काय करावं? खरंच अंगणात पाट मांडला, अण्णांना बसवलं, टिळा लावला आणि ओवाळलं. वर हातात नारळ दिला. अण्णा त्या दिवशी टिळा लावूनच पुढच्या तीन घरी गेले.

*

कवठे महांकाळकडं नवी एजन्सी निघाली तेव्हा महिनाभर आम्हाला तिकडं मदतीला पाठवलं होतं. नियम असा, की सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर. एका शेतकऱ्याला हे आठ दिवस आधी सांगून आलो. अडचण एवढीच, की त्याच्या आईचे गुडघे धरलेले. तिला बसूनच भाकरी थापायची सवय.

आठ दिवसांनी गेलो तर ओटा नाही. शेगडी जमिनीवर पाटावर, आणि शेजारी कंबरभर खड्डा. आतून सिमेंटचा गुळगुळीत गिलावा!

"टाकी ह्यात सोडा," तो अभिमानानं म्हणाला. "मग शेगडी उंच झाली का न्हाई?"

अण्णा खड्ड्याच्या काठावरच बसले. "आरं गड्या, ह्यो गॅस हवेपेक्षा जड असतोय. गळला तर ह्या खड्ड्यातच साठून बसंल. टाकी पुरायचीच व्हती तर मला कशाला बलिवलंस?"

शेवटी सिलिंडरपेक्षा जेमतेम उंच असा बुटका ओटा बांधला, आईला उंच स्टूल दिलं. खड्ड्यात त्यांनी पुढं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

हे अण्णांनी नेहमीसारखं घरी सांगितलं. वहिनींनी हातातला घास खाली ठेवला. "आपल्या सैपाकघरात भुईला उखळ हाय. त्यात साठला तर?"

झालं! वर्षभर तो विषयच बंद.

*

एका घरी सगळं तयार, पण खिडकीला आडव्या फळ्या ठोकलेल्या. खिडकी सख्ख्या भावाच्या अंगणात उघडायची आणि दोघांचं बोलणं बंद.

अण्णा म्हणाले, "खिडकी उघडी पायजे."

"खिडकी हाय की!"

"उघडी."

"अण्णा, आमची बोलाचाली न्हाई."

"बोलू नगा. गॅसला बोलाय येत न्हाई, त्याला नुसतं बाहीर जायचं असतंय." असं म्हणून अण्णांनी स्वतःच फळ्या काढल्या.

दोन महिन्यांनी रबरी नळी बघायला गेलो तर त्या खिडकीतून पलीकडच्या जाऊबाईंचा हात आत आलेला. हातात रिकामी वाटी. "जरा साकर द्या वो आक्का!"

*

आता साताऱ्याचे सुभेदार. आमच्या मालकांचे हे पाहुणे, फौजेतून रिटायर झालेले. मुलगा जहाजावर. त्यानं आईसाठी कुकिंग रेंज आणली होती. वर चार बर्नर, खाली ओव्हन, जमिनीवर कपाटासारखी उभी. तिथं कुणी असलं धूड बसवलेलं नव्हतं, म्हणून मालकांनी आम्हाला धाडलं.

पहिल्या फेरीत अण्णांनी तयारी सांगितली. भिंतीतून तांब्याची नळी, सिलिंडर बाहेर, त्यांना विटांची लहान खोली, आणि गळलाच तर गॅस निघून जावा म्हणून दाराला खाली वीतभर झरोका.

सुभेदार म्हणाले, "हो जाएगा!"

दुसऱ्या फेरीला गेलो तर खोलीला चुना, वाळूच्या दोन लाल बादल्या आणि घरातली सगळी माणसं उंचीप्रमाणं रांगेत. झरोका वीतभर सांगितलेला, सुभेदारांनी जास्तीची सेफ्टी म्हणून हातभर ठेवला. काम झकास झालं. सुभेदारीणबाईंनी ओव्हनमध्ये लगेच पापडाचे डबे लावले. म्हणाल्या, "मुंग्या येत न्हाईत!"

दोन महिन्यांनी फोन. रेंज बंद, ताबडतोब या! एसटीनं धावतपळत सातारा गाठलं. चालू सिलिंडर संपला होता, भरलेला शेजारीच होता, पण तो जोडायचा कसा? त्या हातभर झरोक्यातून कोंबडी आत शिरली होती आणि भरल्या सिलिंडरला टेकून अंड्यांवर बसली होती.

"पिल्लं निघेपर्यंत तिला कुणी हलवायचं नाही. ऑर्डर है!" सुभेदार म्हणाले.

"मग सैपाक?"

"चुलीवर."

"मग मला कशाला बलिवलं?"

"झरोका तुमीच सांगितला न्हवं? मग बगून जावा!"

*

पुढं पिल्लं निघाल्याचा सुभेदारांचा फोन आला, तेव्हा अण्णांनी हा किस्सा घरी सांगितला. वहिनी पोट धरून हसल्या. मग हसू आवरून विचारलं,

"कोंबडी एकवीस दिस टाकीला टेकून बसली?"

"व्हय."

"आन पिल्लं निघाली?"

"समदी."

"मग आणा आपलीबी टाकी."

अण्णांनी दुसऱ्या दिवशी एजन्सीत पेढे वाटले! रविवारी मालकांसकट आम्ही सगळे त्यांच्या घरी. वहिनींची तयारी बघून आम्ही चाट पडलो. ओटा मापात, खिडकी सताड उघडी, उखळ सिमेंटनं बुजवलेलं, चूल परसात हलवलेली. अण्णांनी गप्पा मारत मारत दहा मिनिटांत सगळं जोडलं आणि काड्यापेटीला हात घातला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. हातात वाटी, वाटीत साबणाचा फेस. गळती बघायला जॉइंटला फेस लावतात. बुडबुडा आला तर गॅस गळतोय.

"आगं, माज्या हातचं काम हाय. आजवर एक जॉइंट गळला न्हाई माजा!"

"लोकांच्या घरी लावताच न्हवं? मग ह्ये काय घर न्हाई?"

वहिनींनी स्वतःच्या बोटानं रेग्युलेटरला फेस लावला. काही नाही. मग शेगडीकडच्या टोकाला लावला. आम्ही सगळे वाकून बघत होतो.

एक बुडबुडा आला. हळूहळू लिंबाएवढा झाला आणि फुटला.

मालक खिडकीबाहेर बघायला लागले. वहिनींनी रेग्युलेटर बंद केला, पदराला बोट पुसलं आणि म्हणाल्या, "परसातली चूल मी आजून इजवली न्हाई. सावकाश बसवा."