मोटारीवर बांधलेला डोंगा

सन १९३८. मी बावीस वर्षांचा, नवा जावई. सासऱ्यांनी मले आंदणात तळ्यात फिरवायचा लाकडी डोंगा दिला. तो त्यांच्या मोटारीच्या टपावर मीच बांधीन, असा माझा हट्ट. सासरे आणि ड्रायव्हर आत बसले होते. मी टपावरून दोर घेतला, एका खिडकीतून आत, दुसरीतून बाहेर, असे चार वेढे दिले आणि वर डोंग्यातच बसून आमच्या गावी, दवनीवाड्याला आलो. डोंगा बोटभर हलला नाही.

आमचे बाबा व्याह्यांचे पाय धुवायला लोटा घेऊन उभे होते.

"उतरा ना व्याही, काऊन बसून राहिले?"

"दारं बांधली आहेत," सासरे म्हणाले.

"मग बांधताना बोलले काऊन नाही?"

"नव्या जावयाले टोकावं कसं?"

बाबांनी विळा मागवला. मी आडवा आलो. "दोर कापाचा नाही! डोंगा हलला काय? मग गाठ बरोबर आहे."

शेवटी आधी ड्रायव्हर आणि मग सासरे खिडकीतून निघाले. सासऱ्यांचं धोतर मात्र आतच अडकलं. बाबांनी डोळे मिटून त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी पाहत नाही हे पाहून, मी गाठ सोडायला बसलो. ती सुटेना. मग गुपचूप विळ्यानं कापली.