बारा बरोबर बारा

जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक पास झाले तेव्हा आम्ही घाटकोपरला चाळीत राहायचो. मला कॉलेजात जाऊन गणित शिकायचं होतं. नाव घालायची मुदत शनिवारी संपणार होती आणि वडिलांच्या सहीशिवाय नाव घालता येत नव्हतं. गिरणीतून आल्या आल्या मी त्यांना गाठलं, तर म्हणाले, "दादाक इचार. तो म्हणात तसा." दादा म्हणजे माझे थोरले काका. त्यांना विचारल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नसे.

मुदतीच्या आधीच्या रविवारी मुलुंडला काकांकडे गेले. ते झोपले होते. बीजगणिताने रडकुंडीला आलेल्या चुलत बहिणीने मला धरून बसवलं. क्ष अधिक य बरोबर बारा, दोन क्ष वजा य बरोबर तीन. मी म्हटलं, "पहिल्यातून क्ष काढ. बारा वजा य. आता ही किंमत घाल." तिने ती पहिल्यातच परत घातली. य उडाला आणि बारा बरोबर बारा उरलं.

"आलं की गं ताई बरोबर!"

"अगं वेडे, ज्यातून काढलंस त्यातच घातलंस, मग चुकेल कसं? पण क्ष किती, य किती, ते कुठे कळलं? दुसऱ्यात घाल." तिने घातली. य सात आला, क्ष पाच.

तेवढ्यात काका उठून आले. मी धीर करून विचारलं. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "अगो, तू चेडू तेचा. तो म्हणात तसा. माझा काय मधे?"

वडील काय म्हणतात, तर काका म्हणतील ते. काका काय म्हणतात, तर वडील म्हणतील ते. हातात काय उरलं? घरी येऊन आईला विचारलं. "माझा काय असतला? ते म्हणतीत तसा," म्हणून ती भाकरी थापत राहिली.

शेवटी वडिलांसमोरच उभी राहिले. "बाबा, तुमच्या स्वतःच्या मनात काय आहे?"

ते गडबडले. असं त्यांना कधी कोणी विचारलंच नसावं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि कीवही आली. ते शर्ट चढवून खाली निघून गेले. शनिवार तसाच गेला.

पुढे मला बघायला मंडळी आली. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, मुलगी हुशार, मग पुढे का नाही शिकली?

"आम्ही कोणी नाही म्हटलं नव्हतं हो," वडील म्हणाले, "तिनंच नाव घातलं नाही."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी पोह्यांच्या बशा पुढे केल्या.