सातवी वायर
तापलेल्या धुळीचा वास आला की मला जामबागच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवते. सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या नेटवर्क स्विचवर लॅबच्या काकांनी चिठ्ठी चिकटवली होती : 'लाइट जाऊन आली की सातवी वायर काढून परत लावा. घाई नक्को.' मी नवी नवी इंजिनीअर. स्विचमध्ये नवं सॉफ्टवेअर घातलं आणि "काका, आता याची गरज नाही," म्हणत ती चिठ्ठी टर्रकन फाडली. दुसऱ्याच दिवशी ऐन ऑनलाइन परीक्षेत लाइट गेली. आली तेव्हा स्विचचे दिवे हिरवेगार, पण एकाही पडद्यावर प्रश्न उमटेना. मुली रडकुंडीला आल्या, मी एकेक कॉम्प्युटर बंद करून परत चालू करत सुटले. काकांनी सातवी वायर काढली, मनातल्या मनात दहा मोजले, परत लावली आणि पेपर सुरू झाला. प्रिन्सिपॉलनी मला जाब विचारला तेव्हा काकाच पुढे होऊन म्हणाले, "जुनं मशीन आहे सर, रुसतं कधीकधी." नव्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकात, अगदी शेवटच्या पानावर, हाच दोष आणि हाच उपाय छापलेला होता, मी तिथवर वाचलंच नव्हतं. आता एका कंपनीत तसली पानं मीच लिहिते. साहेब म्हणतात, एवढे दोष कशाला सांगायचे, थोडे कमी करा. मी मान डोलावते आणि एकही ओळ गाळत नाही.